पॅचकॉर्ड उपसली, एकच पिंग गेला

सांगलीजवळच्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत दिवाळीनंतर नवा राउटर बसवला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, पुढे थोडी तक्रार आहे.

जुन्या डब्याचं दुखणं असं, की आपल्याच नेटवर्कमधली एखादी फायबर तुटली की ओएसपीएफ (नेटवर्कच्या आतल्या वाटा शोधणारा प्रोटोकॉल) सेकंदाभरात दुसरी वाट शोधायचा, पण फॉरवर्डिंग टेबलात, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं त्या यादीत, बीजीपीचे (इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात तो प्रोटोकॉल) दहा लाखांच्या आसपास रूट एकेक करून नव्याने लिहावे लागायचे. तेवढ्यात फोन सुरू. ‘दादा, नेट गेलं का?’

नव्यात बीजीपी पिक आहे, म्हणजे प्रिफिक्स इंडिपेंडंट कन्व्हर्जन्स: रूट कितीही असोत, नवी वाट तेवढ्याच वेळात. सगळे रूट एका नेक्स्ट-हॉपकडे, म्हणजे पुढच्या राउटरकडे, बोट दाखवतात आणि तो नेक्स्ट-हॉप इंटरफेसकडे, म्हणजे आपल्या राउटरच्या पोर्टकडे. वाट बदलली की मधली ती एकच नोंद बदलायची. गल्लीतल्या प्रत्येक घराला नवा पत्ता देण्याऐवजी नाक्यावरची पाटी फिरवायची, तसं.

रात्री दोनला पिंग (लाइन चालू आहे का ते तपासणारे छोटे संदेश) चालू ठेवून मी स्वतः पॅचकॉर्ड, म्हणजे राउटरला लावलेली जोडकेबल, उपसली. जुन्यावर त्रेचाळीस टाइमआउट (उत्तर न आलेले पिंग) मोजले होते, इथे एक. परत लावली, परत उपसली. एकच. चहा गार झाला तरी मी उपसतोच आहे.

तक्रार मॅन्युअलची. पलीकडचा एज राउटरच (नेटवर्कच्या कडेचा, बाहेर जोडणारा) बंद पडला, तर पर्यायी रूट आधीच हाताशी असावा लागतो, आणि आमचा रूट रिफ्लेक्टर (आतल्या राउटरांना बीजीपीचे रूट वाटणारा) फक्त सर्वोत्तम रूट पुढे पाठवायचा. ॲड-पाथ (एकाहून जास्त रूट पाठवण्याची सोय) चालू करा, हे कुठेही धड लिहिलेलं नाही. दोन रात्री त्यात गेल्या. मेमरीही जास्तीची घ्या.

पाचापैकी चार.