मी, दुर्गा खोटे : कांदेवाडीच्या लाडांची लेक

मराठी आत्मचरित्राच्या पहिल्या पन्नास पानांत काय येणार, हे आपल्याला पाठ असतं. वार लावून जेवणं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, आईची दोनच लुगडी. खरंच असतं ते, थट्टा नाही करत. पण अभिनेत्री दुर्गाबाईंच्या ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात ते शोधू नका. इथे गिरगावात कांदेवाडीला भरलेलं एकत्र कुटुंब आहे, वडील पांडुरंगराव लाड सॉलिसिटर आहेत, मूळ गोव्याचं असल्यामुळे घरात कोकणी आहे, आणि मुलगी शिकते कॅथेड्रल शाळेत! 1905 चा जन्म बरं का. त्याच सुमाराला जन्मलेली माझी आजी सही करायची ती अंगठ्याने.

मी मुगभाटातल्या चाळीत वाढले. तिथून कांदेवाडी चालत पाच मिनिटं. आमच्या लेखी ती गल्ली म्हणजे लग्नपत्रिकांची. माझी पत्रिकाही तिथलीच. गणपतीचा ठसा कुठला घ्यायचा यावर वडिलांनी आणि आत्याने दुकानदाराचा अख्खा शनिवार खाल्ला होता. त्या गल्लीतल्या एका मुलीने झेवियर्स कॉलेजपर्यंत मजल मारली होती, हे चाळीत कधी कोणी बोललं नाही. दुर्गाबाई म्हटलं की आमच्याकडे एकदम ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाईच.

म्हणून बालपणाचा भाग मी सावकाश वाचला, मागे जाऊन पुन्हा वाचला. ऐश्वर्य सांगताना बाई त्याची माफी मागत नाहीत आणि मिरवतही नाहीत. आमच्याकडे असं होतं, इतकंच. मोठ्या घरात वाढल्याचा हा सूर नंतर आणून आणता येत नाही. सुरुवातीला मला जरा टोचलाही. नळावर नंबर लावून वाढलेल्या माणसाला टोचणारच.

पण हे पुस्तक मला लागलं ते पुढे. माझ्या मते याचा खरा विषय सिनेमा नाहीच, पैसा आहे. श्रीमंत घरच्या मुलीला सगळं शिकवतात, फक्त कमवायला शिकवत नाहीत. कॉलेजात असतानाच विश्वनाथ खोट्यांशी लग्न झालं. तेही घराणं नावाजलेलं, नवरा इंजिनिअर. मग ती घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे. हाताशी काय, तर उत्तम इंग्रजी आणि चांगलं वळण. त्यावर शिकवण्या मिळतात, घर चालत नाही. मी बँकेत अठ्ठावीस वर्षं काउंटरवर बसले. नवरा गेल्यावर पासबुक पहिल्यांदा हातात घेणाऱ्या बायका पाहिल्यात, चांगल्या शिकलेल्या, सह्या इंग्रजीतून करणाऱ्या. हा भाग वाचताना त्याच समोर येत होत्या.

सिनेमाची सुरुवात ‘फरेबी जाल’मधल्या (1931) लहानशा कामाने झाली, आणि त्याने नाव होण्याऐवजी बोल लागले. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा म्हणजे तेव्हा काय, ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’, 1932, दिग्दर्शक शांतारामबापू. प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला यायची होती. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, तारामती या. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, जे काय गायचं ते स्वतःच्या गळ्याने. पुस्तक वाचून झाल्यावर हा चित्रपट जरूर बघा. आवाज खरखरतो, अभिनय नाटकी वाटेल, पण बाजारात विकायला उभी केलेली राणी कशी उभी आहे ते बघा. मान खाली जातच नाही. ते दिग्दर्शकाने शिकवलं असेल यावर माझा विश्वास नाही. ते कांदेवाडीहून आलेलं होतं.

त्याच जोरावर त्या एका कंपनीच्या पगारी होऊन राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘सीता’त काम केलं, परत प्रभातमध्ये ‘अमरज्योती’ (1936) केला, 1937 मध्ये तर ‘साथी’ची निर्मिती अन् दिग्दर्शन दोन्ही. पुढे लघुपट, जाहिरातपट. चाळीतल्या मुलीला मालकाला ‘नाही’ म्हणणं परवडलं असतं का? मला नाही वाटत. पण या बाईने म्हटलं, आणि मग लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान अशा शिकलेल्या मुलींना दार थोडं सोपं झालं, हेही तितकंच खरं.

चित्रपटांमागून चित्रपट येतात तिथे मात्र माझं मन कमी रमलं. नावं येतात, जातात. हरीन अकाली गेला, तिथे पुन्हा ती पहिल्या भागातली बाई भेटते. (नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता या हरीनच्या पत्नी, हे तरुण वाचकांना माहीत नसेल.)

पुस्तक 1982 चं. फाळके पुरस्कार त्यानंतरच्या वर्षी, ‘वागळे की दुनिया’ ही मालिका तर आणखी नंतर, म्हणजे निर्मात्या दुर्गाबाईंचं ते पर्व इथे सापडणार नाही. मी वाचली ती वाचनालयाची प्रत, पानं पिवळी, शिवण सुटलेली. मागायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, दुर्गा भागवत की दुर्गा खोटे?” त्याला म्हटलं, तू विचारलंस हेच खूप झालं.

नातवंडं मराठी वाचत नसतील तर शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, तो द्या. सिनेमाच्या आतल्या चटपटीत गोष्टी हव्या असतील तर पैसे वाया घालवू नका. जुन्या गिरगावासाठी, आणि पैशाबद्दल स्पष्ट बोलणाऱ्या बाईसाठी घ्यायचं असेल, तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसताक्षणी उचला. घासाघीस नंतर.