८९,०९० रुपयांचं मॅनिटॉल

आधी आकडा सांगतो, तो लपवून आता काही उपयोग नाही. लॅबसाठी मागवलेल्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) ५ मिग्रॅच्या सहा व्हायल, प्रत्येकी १२,००० रुपये. ‘ड्राय आइस पॅकिंग’चे ३,५००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ८९,०९० रुपये, सगळे आगाऊ. नेहमीच्या पुरवठादाराचा भाव जवळपास दुप्पट होता आणि ३१ मार्चच्या आत पैसे खर्च झाले नसते तर परत गेले असते. मार्चमधली लॅब ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. ‘एवढं स्वस्त कसं?’ हा प्रश्न पडला होता. तो आम्ही गिळला.

खोक्यात ड्राय आइस नव्हताच, दोन वितळलेल्या जेलच्या पिशव्या होत्या. खरं तर लायोफिलाइज केलेलं (गोठवून सुकवलेलं) कोरडं पेप्टाइड प्रवासाचे चार-सहा दिवस साध्या तापमानाला बहुतेक वेळा तग धरतं, त्यामुळे तेवढ्यावरून माल वाया गेला असं म्हणता येत नाही. पण ड्राय आइसचे पैसे घेऊन जेल पाठवणारा आतल्या पावडरीबद्दल खरं बोलेल, असं आम्हाला का वाटलं?

आणि मग ती व्हायल. तळापासून निम्म्यापर्यंत गुळगुळीत पांढरी वडी, कडा काचेपासून किंचित सुटलेल्या, उलटी केली तरी जागची हलेना. ‘काय सुरेख केक बसलाय’ असं आम्हीच म्हणालो! ५ मिग्रॅ नुसतं पेप्टाइड म्हणजे तळाला चिकटलेला पापुद्रा, नाहीतर काचेवर उडालेलं कापसाचं तूस. कित्येकदा व्हायल रिकामीच वाटते, म्हणून तर झाकण काढण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतात. इतका घट्ट, भरलेला केक दिसला की मॅनिटॉलसारख्या भरणीचा, म्हणजे आकार वाढवायला घातलेल्या साखरेच्या जातीच्या पावडरीचा, संशय पहिला यायला हवा. हे एमएस्सीच्या मुलांना शिकवणारे आम्ही, आणि त्या क्षणी डोळे मिटून पोच-पावतीवर सही केली. ती सही आजही खुपते.

दुसरी खूण कागदावर होती. दोन लॉट, दोन सीओए (विक्रेत्याचे तपासणी-दाखले), दोन्हींवर एचपीएलसीचा, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा, आलेख. खिडकीच्या काचेवर दोन्ही एकावर एक धरले तर १४.३८७ मिनिटाचा पीक (आलेखातलं टोक) तर जुळलाच, बेसलाइनवरची बारीक थरथरसुद्धा जुळली. वेगळ्या दोन रनमध्ये नॉइज तसाच येत नाही. हे पैसे भरण्याआधी करायचं असतं. लॉटनिहाय एचपीएलसी आणि मास (रेणूचं वस्तुमान मोजणारी चाचणी) दोन्हींची मूळ फाइल मागा. नुसता ‘शुद्धता ९८ टक्के’ पाहून भुलू नका, कारण तो आकडा व्हायलमधल्या वजनाबद्दल काहीच सांगत नाही. टीएफएचं (शुद्धीकरणात वापरलेल्या आम्लाचं) मीठ आणि पाणी धरून खरं पेप्टाइड ६० ते ८० टक्के असणं नेहमीचं आहे. म्हणून ‘नेट पेप्टाइड कंटेंट’ वेगळं लिहून घ्या.

आमच्या साखळीत एक ट्रिप्टोफॅन, टायरोसिन शून्य (२८० नॅनोमीटरचा प्रकाश मुख्यतः हीच दोन अमिनो आम्लं शोषतात), वस्तुमान साधारण २,२००. मिलिलिटरला ०.१ मिग्रॅच्या द्रावणाचं २८० नॅनोमीटरला शोषण ०.२५ यायला हवं, नेट ७० टक्के धरलं तरी ०.१७. आलं ०.०२. बाहेर मास करून घेतलं, त्याचे आणखी ३,०००. दुहेरी प्रभाराचा पीक (प्रभार दोन असले की वस्तुमान निम्म्यावर दिसतं) ११०१ च्या आसपास हवा होता, तिथे काहीच नाही. आणि २०५ ला उंचच उंच पीक: मॅनिटॉल अधिक सोडियम.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीत आलं: ‘तुम्हीच नीट साठवलं नाही.’

या धंद्यातली ही ठरलेली पळवाट आहे आणि ती बंद करायची तर साठवणुकीची नोंद हवी. आमच्याकडे होती. व्हायल सिलिका जेलच्या बंद डब्यात, उणे २० ला, तेही फ्रॉस्ट-फ्री नसलेल्या फ्रीजरमध्ये, कारण फ्रॉस्ट-फ्री आपला बर्फ वितळवण्यासाठी वारंवार तापतो. उघडण्याआधी डबा तासभर बाहेर, व्हायल खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण, नाहीतर हवेतलं बाष्प थेट पावडरीवर बसतं. साखळीत मेथिओनिन असल्यामुळे ते ऑक्सिडाइज करू शकणारा डीएमएसओ हा द्रावक टाळला. द्रावणाचे १०० मायक्रोलिटरचे भाग केले, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवला नाही. आणि समजा सगळं चुकलं असतं, तरी खराब साठवणूक आपली खूण सोडून जाते: मेथिओनिन ऑक्सिडाइज झालं तर वस्तुमानात १६ ची वाढ, अ‍ॅस्पॅराजिन डीअमिडेट झालं तर १ ची, साखळी तुटली तर तुकडे. फ्रीजर कितीही बिघडला तरी पेप्टाइडचं मॅनिटॉल होत नाही!

हे कोणाला समजवायचं? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला; पैसे जाऊन ११ दिवस झालेले, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे शांतता. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः केलात. ग्राहक आयोगात जावं तर खरेदी व्यावसायिक कामासाठी होती की नाही यावरच आधी वाद. आमचा खरेदी विभाग पोच-पावती पुढे करून मोकळा, आणि शंभर टक्के आगाऊ रकमेला मंजुरी कोणी दिली हे विचारलं की फाइल सापडत नाही. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसल्यावर ऐकायला मिळालं, ‘पावडर आली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.’ शुद्धतेचा वाद असता तर एक वेळ मान्य केलं असतं. इथे मालच दुसरा आहे.

दोन व्हायल न उघडता ठेवल्या आहेत, सीलचे फोटो तारखेसह. पार्सल उघडताना व्हिडिओ केला नाही, तुम्ही करा. आणि सगळ्या व्हायल एका दिवशी कधीच फोडू नका.

पोलिसांनी तिसऱ्या फेरीत अर्ज घेतला. व्हायल आणून द्या, मुद्देमालाच्या कपाटात ठेवू, म्हणाले. सवयीने तोंडून निघून गेलं, ‘साहेब, उणे २० ची सोय आहे का?’ नव्हती. तशी गरजही नाही म्हणा. मॅनिटॉलला कपाटात काही होत नाही.