नाशिकच्या मुरमावर कोणता आरसी ट्रक? बदलत्या नियमांत परवडणारा वर्ग

पावसाळ्यात ट्रॅकचा चिखल झालेला असतो, आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोलवर पळणारे ट्रक कपाटात पडून असतात आणि पुढच्या हंगामात शर्यतीच्या कोणत्या वर्गाचे नियम बदलायचे यावर खल चालू असतो. नवा माणूस नेमका तेव्हाच येऊन विचारतो, "कोणता ट्रक घेऊ?" त्याला उत्तरं मिळतात गाड्यांची, पण आधी ठरवायचा असतो वर्ग. धड सांभाळलेला ट्रक सहज काही हंगाम पळतो, नियम तेवढे टिकतील याची हमी कोणी देत नाही. म्हणून इथे तीन वर्ग शेजारी शेजारी ठेवून एवढंच पाहू, की नियम बदलला तर कात्री कुठे लागते.

पहिला बॉक्स स्टॉक. खोक्यातून काढा, बॅटरी लावा, पळवा. या वर्गाचं दुसरं नाव म्हणजे जवळपास ट्रॅक्सास कंपनीचा टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश. २००८ साली आलेला, १२ टर्नची (तारेच्या १२ वेढ्यांची) ब्रश्ड, म्हणजे आत ब्रश घासणारी, टायटन मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा एक्सएल-५ स्पीड कंट्रोलर असलेला. सगळ्यांकडे एकच ट्रक, म्हणजे जिंकेल तो हाताच्या जोरावर. वरवर पाहता हा सगळ्यात स्थिर वर्ग वाटतो, पण याची लगाम कंपनीच्या हातात आहे. स्लॅश हेच नाव आता बीएल-टूएस या ब्रशलेस मोटरच्या ट्रकवरही आहे. नियमात नुसतं 'स्लॅश चालेल' लिहिलं असेल तर एखादा ब्रशलेस घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहणार आणि पुढच्या बैठकीत नियम बदलणार. मोटरचा प्रकार नियमात शब्दाने लिहिलेला आहे का, ते आधी वाचा.

बॅटरीचंही असंच झालं. स्लॅशसोबत सात सेलची निकेल बॅटरी यायची, कागदावर ८.४ व्होल्टची. टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) कागदावर ७.४ची, पूर्ण चार्ज झाली की ८.४. आकडे बघून निकेल भारी वाटते, पण थ्रॉटल दाबला की तिचा व्होल्टेज बसतो आणि लायपो तग धरते. जिथे दोन्हींना परवानगी मिळाली तिथे निकेल फार काळ दिसली नाही. लायपो लावताना एक्सएल-५वरचा दिवा हिरवा हवा. लाल असेल तर कमी व्होल्टेजला थांबवणारी सोय बंद आहे. सेल तळाला जातात, बॅटरी फुगते, आणि एप्रिलच्या दुपारी ट्रॅकवर फुगलेली बॅटरी कोणालाच शेजारी नको असते. तपासणीत हा दिवा बघणं नियमातच घालायला हवं.

बॉक्स स्टॉकमधलं खरं भांडण मात्र सुट्या भागांचं. 'फक्त कंपनीचा मूळ भाग' हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. आपल्याकडे तो महागात पडतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. माल बाहेरून यायचा, त्यात वाट बघणं वेगळंच. एका बाजूला चाकाच्या हेक्सची (चाक बसतं त्या षटकोनी तुकड्याची) पिन तुटली म्हणून ट्रक महिनाभर टेबलावर, आणि दुसऱ्या बाजूला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर तशीच पिन काढून देणारा माणूस चहा संपायच्या आत मोकळा होतो! माझ्या मते नियम 'तेच माप, तोच धातू' असा हवा. ॲल्युमिनियमचे हब घालून ताकद वाढवणं वेगळं आणि तुटलेली पोलादी पिन पोलादीच घालणं वेगळं.

दुसरा वर्ग टू-व्हील ड्राइव्हच, पण ब्रशलेस स्टॉकचा: १३.५ किंवा १७.५ टर्नची मोटर आणि 'ब्लिंकी' कंट्रोलर. दिवा लुकलुकतो याचा अर्थ कंट्रोलर स्वतःहून टायमिंग (मोटरला वीज किती आधी द्यायची ते; वाढवलं की वेग वाढतो) वाढवत नाही. टर्न जितके जास्त तितकी मोटर संथ. इथे चेसिस कोणाचाही चालतो, बांधलेली असते ती मोटर. पळवाट एकच: मोटरच्या मागच्या झाकणावरून टायमिंग हाताने फिरवता येतं. काही जण ते शेवटपर्यंत फिरवतात, वर मोठा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा गिअर) लावतात, आणि शर्यत संपल्यावर मोटरला बोट लावता येत नाही. त्यावर फिक्स्ड टायमिंगची मोटर हा चांगला उपाय आहे. उद्या १३.५चा वर्ग १७.५वर आणला, तर फक्त मोटर आणि एखादा पिनियन बदलावा लागेल. ट्रक, चाकं वळवणारा सर्वो, रेडिओ जागच्या जागी.

एचव्ही म्हणजे हाय-व्होल्टेज लायपोवर लक्ष ठेवा. ती सेलमागे ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होते, म्हणजे टू-एसला ८.७. हे ८.४पेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. सरळ लांब पट्ट्यावर एवढं पुरतं. मीटर लावून ८.४ची मर्यादा पाळणारा गट बघा.

तिसरा फोर-व्हील ड्राइव्ह, थ्री-एस (तीन सेलची बॅटरी), खुला वर्ग. दीडपट व्होल्टेज, धुरळा, टाळ्या. ट्रक उलटला की सरळ करायला धावणाऱ्या पोराच्या नडगीचा विचार करता लहान ट्रॅकवर हा वर्ग टू-एसवर आणायची मागणी होणार, हे मी आत्ताच सांगतो. तसं झालं की मोटर आणि गिअरिंग दोन्ही फेकायचे. पैसा उडवायचाच असेल तर जरूर घ्या.

टायर तिन्ही वर्गांत सारखाच खर्च करवतो. आपला मुरूम सँडपेपरसारखा. मऊ रबर बघता बघता झिजतं. त्यात कडेला काळी माती मिसळलेली असेल तर सकाळी ओलसर पकड आणि दुपारी नुसती भुकटी. ज्या वर्गात सगळ्यांना एकच टायर सक्तीचा आहे, तिथे बाकी चार नियम ढिले असले तरी चालतात.

आता निवड. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी बॉक्स स्टॉक, कारण मोडलं तर बापाला कळतं काय मोडलं. स्वतःसाठी घेत असाल तर १७.५ ब्लिंकी. दोन्हींच्या मध्ये अडकला असाल तर चांगल्या स्थितीतला सेकंडहँड ब्रश्ड स्लॅश शोधा. स्लॅशची मूळ मोटर ५५० आकाराची, १७.५ची ५४० आकाराची, पण दोन्हींची स्क्रूची छिद्रं जुळतात, त्यामुळे पुढे १७.५ मोटर आणि सेन्सरवाला कंट्रोलर त्याच ट्रकात बसतो. शर्यतीसाठीच बनवलेल्या चेसिसपुढे तो उंच आणि डुलणारा राहील, वळणावर कमी पडेल. पण वर्ग बंद पडला तरी ट्रक वाया जाणार नाही.