दंडघेराची तीन रंगांची पट्टी: घ्या, पण आकडे वाचून

वजनकाटा आणि उंचीचा फळा उचलून नेणं जमत नाही तिथे दंडाचा घेर मोजून मुलांचं कुपोषण ओळखणारी ही मुठीत मावणारी प्लास्टिकची पट्टी काम भागवते. ती 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. घेर 115 मिमीच्या आत भरला की लाल (तीव्र कुपोषण), 115 ते 124 पिवळा (मध्यम), 125 पासून हिरवा. तक्ता उघडायला नको, वयाची वजाबाकी नको.

घेताना मात्र लाल रंग नेमका कुठे संपतो ते आधी बघा. 1974 साली शाकिर आणि मॉर्ली या डॉक्टरांनी मांडलेल्या पट्टीत 125 च्या खाली सगळंच लाल होतं. पुढे तीव्र कुपोषणासाठी 110 ची मर्यादा चालली आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ती 115 वर आणली. जुनी 110 ची पट्टी पेटीत राहिली असेल तर 112 मिमीचं मूल पिवळ्यात जातं, म्हणजे उपचारातून सुटतं.

कागदावर छापलेली पट्टीही तोच घोटाळा करते. छापताना आकार तीनच टक्के आक्रसला तरी 112 चा दंड 115 च्या वर दिसतो. प्लास्टिकची पट्टी असली तरी स्टीलच्या मोजपट्टीशेजारी ठेवून ताडून घ्या. बरोबर 40 मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइप मिळाला तर उत्तम: त्याचा घेर जेमतेम 126 मिमी भरतो. पट्टी 123 किंवा 129 म्हणाली तर ती टाकून द्या.

वापरायला सोपी, पण चुकायलाही तितकीच. बाही वर सरकवून गोळा करू नका, पूर्ण काढा. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करा. मग हात सरळ, सैल सोडायचा. ही पायरी हमखास विसरली जाते, आणि वाकवलेल्या हाताचा स्नायू फुगून घेर वाढवतो. मूल मूठ आवळून रडत असेल तर थांबा. पट्टीचं टोक खाचेतून ओवून ओढा, ती कातडीला सगळीकडून टेकली की बास. कडेला कातडी चिमटली किंवा दबली तर पट्टी घट्ट झाली, आत बोटाचं टोक शिरलं तर सैल. बाणासमोरचा आकडा मिलीमीटरमध्ये वाचा आणि पट्टी दंडावर असतानाच मोठ्याने म्हणा, म्हणजे लिहिणारा 115 चे 151 करत नाही.

रंगाचीच नोंद ठेवणं ही या पट्टीने लावलेली वाईट सवय. 98 ही लाल, 114 ही लाल; पुढच्या भेटीत मूल सुधारलं की ढासळलं, हे रंगावरून कळणारच नाही.

आणखी एक मोठी उणीव, जिला पट्टीचा इलाज नाही: सूज. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर पट्टी हिरवी दाखवत असली तरी ते तीव्र कुपोषण आहे, लगेच पुढे पाठवा. शिवाय उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेली काही मुलं दंडघेरात सुटतात, विशेषतः मोठी मुलं, कारण दोन-तीन वर्षांपुढे दंड आपसूक जाड होतो आणि मर्यादा मात्र सगळ्या वयांना एकच आहे. काटा आणि फळा हाताशी असेल तिथे तेही मोजा.

आईच्या हाती द्यायला मात्र याहून चांगलं साधन नाही. तिने मध्य अंदाजाने धरला तरी लाल-पिवळं ओळखायला पुरतं. तिला देताना पट्टी गुंडाळून द्या. घडी घातली की मोड पडतो आणि ती तिथे दंडाला नीट बसत नाही.