ॲव्हरेज वाढवणारी बाटली आणि चाकांतली हवा

माझी पेट्रोलवर चालणारी छोटी चारचाकी 2017 सालची आहे. सातारा शहर आणि महामार्ग मिळून ती लिटरला 16 किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज देत असे. पंपावर 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल येऊ लागल्यानंतर ते 15 वर आले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज त्यामुळे 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, हा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिलेला आहे. हे मला आधी ठाऊक असते, तर मी गाडीत दोष शोधत बसलो नसतो.

जानेवारीतल्या एका रविवारी महामार्गालगत ‘मोफत गाडी तपासणी’ असा फलक लावून बसलेल्या दोन तरुणांनी मला थांबवले. एकाने चारही चाकांतली हवा पाहिली आणि छोट्या कंप्रेसरने भरून दिली. काटा आधी कुठे होता, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दुसऱ्याने टाकीत 250 मिलिलिटरची निळसर द्रवाची बाटली ओतली, पेट्रोलच्या नळीवर दोन चुंबके क्लिपने बसवली आणि यामुळे पेट्रोलचे रेणू सुटे होऊन ‘पूर्ण जळतात’, असे समजावले. मग तो शेजारी बसला, डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा त्याने शून्यावर आणला आणि आम्ही नागठाण्यापर्यंत जाऊन आलो. “काका, मिश्रण मुरेपर्यंत एसी नको, आणि साठच्या वर जाऊ नका,” असे तो वाटेत दोनदा म्हणाला. परत आलो तेव्हा आकडा 18.2 दाखवत होता. 20 टक्के वाढ, नाहीतर पैसे परत, असे आश्वासन होते; सहाशे रुपयांची एक याप्रमाणे चार बाटल्या मी घेतल्या, चुंबके ‘मोफत’ मिळाली.

एसी बंद, मोकळा रस्ता, साठचा वेग आणि नुकतीच भरलेली हवा, एवढ्यावर कोणतीही गाडी शहरातल्यापेक्षा जास्त ॲव्हरेज देईल, हे त्या क्षणी सुचले नाही. सुचले ते दीड महिन्यानंतर, जेव्हा ओळखीच्या मेकॅनिकने बाटलीकडे न पाहताच विचारले, “त्याआधी हवा कधी भरली होती?” मी दिवाळीनंतर भरलेलीच नव्हती.

मग मी वही घातली. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, पुढच्या वेळी तशीच भरून मधले किलोमीटर आत गेलेल्या लिटरने भागायचे. डॅशबोर्डवर विसंबायचे नाही. हवा मात्र दर पंधरवड्याला कंपनीने सांगितलेल्या दाबावर ठेवली. बाटली ओतलेल्या दोन टाक्यांना 15.6 आणि 15.4 मिळाले, बाटलीशिवाय, चुंबके काढून, 15.5 आणि 15.7. आधीच्या 15 वर जे थोडेसे वाढले, ते माझ्या मते हवेचे होते. पेट्रोल ‘पूर्ण जळण्या’चा दावाही तपासून पाहावा असा आहे. आजच्या इंजिनात जवळजवळ सगळे इंधन जळतेच; वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, आणि तिला चुंबक अडवू शकत नाही. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर घाण साचली असेल, तर चांगल्या दर्जाचे सफाईचे रसायन ती काढू शकते. त्याने गाडी फार तर मूळच्या ॲव्हरेजवर येते. 100 ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचेही तेच: ऑक्टेन म्हणजे इंजिनातल्या ‘नॉकिंग’ला, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना, विरोध करण्याची क्षमता, जास्तीची ऊर्जा नव्हे, आणि गाडीच्या पुस्तिकेत ते मागितलेले नसेल तर साध्या इंजिनाला त्याचा लाभ नसतो.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट गुणाकाराची आहे. तीस लिटर पेट्रोलला 105 रुपये भावाने 3,150 रुपये लागतात, आणि बाटली सहाशेची. म्हणजे नुसती बाटलीची किंमत भरून निघायलाच ॲव्हरेज 19 टक्के वाढायला हवे. दावा अक्षरशः खरा असता, तरीही मी जेमतेम काठावर असतो. हा हिशेब तिथेच मोबाइलवर अर्ध्या मिनिटात झाला असता.

खोक्यावर ‘आयएसओ 9001’ छापलेले होते. ते कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र असते, आतल्या द्रवाचे नाही. परताव्याची अट मागे बारीक अक्षरांत होती: 5,000 किलोमीटर चालवल्यानंतर, त्यांच्याच केंद्रातील चाचणीनुसार. केंद्राचा पत्ता कुठेच नव्हता आणि फोन बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवताना विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि बिल मागितले गेले; माझ्याकडे जीएसटी क्रमांक नसलेली, रबरी शिक्का मारलेली कच्ची पावती होती.

मार्चमध्ये तोच फलक मला कराडच्या अलीकडे दिसला. मी थांबलो. एका गृहस्थांच्या गाडीची हवा भरून झाली होती आणि बाटली उघडली जात होती. चाकांत आधी हवा किती होती, एवढेच मी त्यांना विचारले. त्यांनाही ते माहीत नव्हते.