वारसा आणि विकास: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

आंतरराष्ट्रीय विकासात संस्कृती आणि वारसा यांचे स्थान काय, या विषयावरील एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तो जरूर करावा. मात्र त्यातील एक उणीव मला गंभीर वाटते.

सुरुवातीचा धोरणविषयक भाग कोरडा आहे. १९७२ चा जागतिक वारसा करार, अमूर्त वारशासाठीचा (म्हणजे परंपरा, कला, कसब यांसाठीचा) २००३ चा करार, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी एकही केवळ संस्कृतीसाठी नसून वारशाचा उल्लेख शहरांविषयीच्या उद्दिष्टातील ११.४ या लक्ष्यात येतो, एवढे त्यातून कळते.

अभ्यासक्रमाचे खरे बळ बोस्नियातील मोस्तार आणि मालीतील टिंबक्टू या शहरांवरील व्याख्यानांत आहे. बोस्नियातील युद्धात १९९३ मध्ये कोसळलेला मोस्तारचा पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, एवढ्यावर व्याख्यान थांबत नाही. त्यानंतरही शहराचे राजकारण दुभंगलेलेच राहिले आणि २००८ नंतरची स्थानिक निवडणूक थेट २०२० मध्ये झाली, हेही ते स्पष्टपणे सांगते. बांधकाम पूर्ण झाले म्हणजे समेट झाला असे मानणाऱ्या प्रत्येक निधीदात्याने हे ऐकायला हवे. टिंबक्टूमध्ये २०१२ साली सशस्त्र गटांनी उद्ध्वस्त केलेल्या समाधी-वास्तू तिथल्याच गवंड्यांनी पारंपरिक मातीकामाने २०१५ पर्यंत पुन्हा बांधल्या. इमारतींइतकेच ते कसबही वारसा आहे आणि त्यावर खर्च झालेला पैसा गावातच मजुरी म्हणून राहतो, हा मुद्दा फार चांगला मांडला आहे.

म्हणूनच इजिप्तमधील अबू सिंबेल येथील प्राचीन मंदिरांवरचा धडा खटकतो. नाईल नदीवरील आस्वान धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी १९६४ ते १९६८ दरम्यान मंदिरे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर कशी नेली, याचे वर्णन तपशीलवार आहे. पण त्याच पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या नदीकाठच्या हजारो न्यूबियन लोकांच्या वाट्याला एकच वाक्य येते. त्यांची घरे, भाषा आणि नदीकाठचे जीवन हा वारसा नव्हता काय?

हीच उणीव अंतिम प्रकल्पात उतरते. आराखड्याच्या नमुन्यात पर्यटकसंख्या आणि उत्पन्न यांसाठी रकाने आहेत. निर्णय कोणी घेतला आणि कोणाला हलवावे लागले, यांसाठी नाहीत. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी हे दोन रकाने स्वतःच जोडावेत, आणि विद्यापीठाने पुढील आवृत्तीत ते अनिवार्य करावेत.