जपानी माइनस्वीपर : १३चा वर्ग करावा की ७चा?

तयार संच न घेता, कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून १:३५० प्रमाणात माइनस्वीपरचं, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या नौकेचं मॉडेल करायचं, तर निवड बहुधा १३ आणि ७ या दोन वर्गांत (एकाच आराखड्याच्या नौकांच्या गटांत) येऊन थांबते. क्रमांकांनी मात्र फसू नका. १३ ते १६ या नौका १९३३-३४च्या आणि ७ ते १२ या १९३८-३९च्या, म्हणजे धाकट्या. ७चा वर्ग ७२.५ मीटर लांब, मॉडेलमध्ये २०७ मिमी. १३चा त्याहून जेमतेम ४ मिमी मोठा.

काम १३चं कमी आहे. तिच्यावर १२ सेंमीच्या दोनच तोफा, ७वर तीन. नळी ४५ कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ४५ पट, ५.४ मीटर, ती १५.४ मिमी कापायची. तिसऱ्या तोफेचं ओझं तेवढंच.

खरा त्रास १३च्या आराखड्यात आहे. १२ मार्च १९३४ला सासेबोजवळ तोमोझुरू ही टॉर्पेडो बोट उलटली आणि जपानी आरमाराने डोईजड नौकांचं वरचं वजन उतरवायला घेतलं. १३चा वर्गही त्यातून सुटला नाही. त्यामुळे एकाच नौकेची दोन रूपं होतात. ब्रिज (नौका चालवण्याची वरची खोली) एका आराखड्यावरून आणि जलरेषा दुसऱ्या वर्षाच्या फोटोवरून घेतली, तर चूक कळते ती थेट रंग देताना. जलरेषा २० सेंमी चुकली तर मॉडेलवर ०.६ मिमीच फरक पडतो, पण लाल पट्टा बारीक असल्याने तो लगेच डोळ्यांत भरतो. ७चा आराखडाच या अपघातानंतरचा, म्हणून १९४१पर्यंतच्या रूपासाठी मी तिच्याकडे झुकतो.

१९४१-४२चीच १३ करायची असेल, तर माझी हरकत नाही. १२ जानेवारी १९४२ला बोर्निओच्या ताराकान बेटाजवळ १३ आणि १४ या दोघी डच किनारी तोफांनी बुडवल्या. एवढं साल पक्कं धरलंत, तर आराखड्याचा गोंधळ बराच मिटतो.

नौका कोणतीही असो, सांगाडा १ मिमी शीटचे थर चिकटवून करा. चिकटवायचं द्रावण थरांत अडकलं, तर महिन्याभराने बाजू फुगते. म्हणून आतल्या थरांना २ मिमीची भोकं पाडा आणि तासण्याआधी निदान दोन दिवस थांबा. मागचा डेक पॅराव्हेन (सुरुंगांचे दोर कापायला पाण्यातून ओढायचं साधन) आणि विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) यांच्यासाठी मोकळा सोडा. माइनस्वीपरची ओळख तिथेच आहे. युद्धाच्या उत्तरार्धात तिथे डेप्थ चार्ज (पाणबुड्यांवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) वाढत गेले, तेव्हा साल आधी ठरवा. ७ क्रमांकाची नौका १५ एप्रिल १९४४ला पोर्ट ब्लेअरजवळ ब्रिटिश पाणबुडी स्टॉर्मने बुडवली. ती करायची असेल, तर मागचा डेक १९४१सारखा ठेवून चालणार नाही.